रिकाम्या नळीचं जेवण

प्रयोगशाळेत सगळे तिला सुगरण म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. तिचं तिथलं काम स्वयंपाकाचंच होतं, फक्त जेवणारे डोळ्यांना दिसत नसत. माणसाच्या आतड्यात राहणारा जिआर्डिया नावाचा एकपेशीय परजीवी ती काचेच्या नळ्यांमध्ये पोसायची. सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू उभ्या कापलेल्या नासपतीसारखा दिसतो, आणि त्यात वटारलेल्या डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात. पोटात गेला की भल्याभल्यांना संडासाच्या दाराशी संसार थाटायला लावतो. बाहेर काढून नळीत वाढवायचा म्हटलं, की मात्र जावयापेक्षा जास्त नखरे. हवा लागलेली चालत नाही, म्हणून नळी काठोकाठ भरायची. थंडी सोसत नाही, म्हणून ती उबदार कपाटात ठेवायची. जेवणात साखर हवी, पित्त हवं, लोहाचा अंश हवा, आणि शेवटी सीरम तर हवंच हवं. सीरम म्हणजे वासराच्या रक्तातून वेगळं काढलेलं पिवळसर पाणी. एवढं करूनही हे महाराज कधी रुसतात आणि सगळेच्या सगळे मरून तळाशी बसतात. सुगरणीच्या हाताखाली मात्र ते मरत नसत. दुसऱ्या मजल्यांवरच्या लोकांचे जंतू आटोपले की ते तिच्याकडे नळी घेऊन येत, शेजारणीकडे विरजण मागायला यावं तसे.

सुगरण तोंडाने फटकळ, पण हाताने नीटस. केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपराच्या खाली बरोबर दुमडलेल्या. टेबल पुसल्याशिवाय चहाला उठायची नाही. आणि काटकसर तर तिच्या हाडीमासी. ताटात टाकू नये आणि पातेल्यात ठेवू नये, हे तिच्या आईने तिला बोलायला शिकवण्याआधी शिकवलं असावं. घरी तेलाची पिशवी ती उलटी टांगून निथळायची. प्रयोगशाळेत तिची सीरमची बाटली सगळ्या इमारतीत जास्त दिवस पुरायची. ते सीरम मिळायचं सोन्याच्या भावाने. पाहुणे आले की विभागाच्या प्रमुख बाई तिला पुढे करून सांगत, "आमच्याकडे सीरमचा थेंब वाया जात नाही, ही यांची कृपा." सुगरण मान खाली घालून हसायची आणि तो दिवस तिचा छान जायचा.

या प्रमुख बाईंच्या हाताखाली एक मुलगी डॉक्टरेट करत होती. तिचा विषय मोठा मजेशीर. हे जंतू म्हणे आपल्या अंगातून बारीक बारीक पुड्या बाहेर टाकतात. पुडी म्हणजे अगदी पुडीच, वर पातळ पापुद्रा आणि आत थोडासा ऐवज. इतक्या लहान, की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या बापालाही दिसायच्या नाहीत. या पुड्या आतड्याच्या भिंतीला काहीतरी पढवतात आणि त्यामुळे जंतूंना तिथे चिकटून बसायला सोपं जातं, असं त्या मुलीला सिद्ध करायचं होतं. तिने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सुगरण म्हणाली होती, "पुड्या सोडण्यात माझ्या नणंदेचा हात कुणी धरणार नाही. तिच्यावर कर की अभ्यास." मुलगी इतकी हसली होती, की तिच्या हातातली नळी पडता पडता वाचली.

पुड्या गोळा करायची रीत अशी. जंतू वाढले की नळी बर्फात ठेवायची, म्हणजे काचेला चिकटलेले जंतू गारठून सुटतात. मग नळी यंत्रात गरगर फिरवून जंतू तळाशी बसवायचे आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. ते पाणी गाळायचं आणि दुसऱ्या मोठ्या यंत्रात कितीतरी जास्त वेगाने, कितीतरी जास्त वेळ फिरवायचं. शेवटी तळाशी जे बसतं ते डोळ्यांना दिसतच नाही. त्यावर एका मोजणीच्या यंत्रात प्रकाश टाकला, की पडद्यावर पांढरे ठिपके नाचायला लागतात. त्या पुड्या.

आता ठिपके जंतूंचेच कशावरून? त्यासाठी दर वेळी एक नळी अशी ठेवायची, की तिच्यात जेवण सगळं, पण जंतू एकही नाही. तिला म्हणायचं रिकामी नळी. तिलाही तसंच उबदार ठेवायचं, तसंच बर्फात घालायचं, तसंच फिरवायचं. तिच्यात ठिपके आले नाहीत, म्हणजे बाकीच्या नळ्यांतले ठिपके जंतूंचे. सगळा कारभार या एका नळीच्या साक्षीवर उभा.

आणि घोळ झाला तो इथेच. त्या रिकाम्या नळीत सुगरण साखर घालायची, पित्त घालायची, लोह घालायची, फक्त सीरम घालायची नाही. तेवढ्याच मापाचं मिठाचं पाणी घालून नळी काठोकाठ भरायची. यात लपवाछपवी काही नव्हती. जेवणाराच नाही, तर तूप कुणाला वाढायचं? इतका साधा हिशोब, की कुणाला सांगावा असंही तिला कधी वाटलं नाही. तिची रिकामी नळी पडद्यावर दर वेळी स्वच्छ यायची, काळाभोर पडदा. बाई म्हणायच्या, "यांच्या हातची रिकामी नळी म्हणजे आरसा." ही आपल्या हाताच्या सफाईची पावती आहे, असं सुगरणीला वाटायचं. बाईंनाही तसंच वाटायचं.

मग लेकीचं बाळंतपण आलं आणि ती मोठ्या रजेवर गेली. तिच्या जागी भांडी धुण्याच्या खोलीतले एक गृहस्थ आले. वय पन्नाशीकडे झुकलेलं, पाठ किंचित वाकलेली. चालणं इतकं संथ, की सगळे त्यांना पाठीमागे गोगलगाय म्हणत. हे नाव सुगरणीनेच ठेवलेलं. स्वतःचं डोकं म्हणून चालवायचे नाहीत. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचे आणि एकदा करायचे. "यांना डोळे मिटा म्हटलं, तर उघडा म्हणेपर्यंत आंधळे राहतील," असं ती चहाच्या टेबलावर म्हणाली होती. ते शेजारच्याच टेबलावर बसले होते, आणि तेही सगळ्यांबरोबर हसले होते.

रजेच्या आधी तिने त्यांना काम समजावलं, पण पाय एव्हाना दाराबाहेर. खांद्याला पिशवी, हातात तिकीट. ते मागून विचारत आले होते, "ताई, रिकामी नळीपण अशीच भरायची ना?"

"हो हो, अशीच," ती म्हणाली आणि जिना उतरली.

नातू बघून, लेकीला न्हाऊमाखू घालून, बाळाचे ढीगभर फोटो घेऊन ती परत आली. फोटो बघायला कुणी उठेना. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. ती डॉक्टरेटवाली मुलगी तिला दारातच भेटली आणि तिचा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, आलात, सुटले मी. काकांच्या हाताला काय आहे कोण जाणे. रिकाम्या नळीत ठिपकेच ठिपके. जंतूंच्या नळीत असतात जवळजवळ तितके. पुन्हा करून घेतलं, तरी तेच. बाई म्हणतात, हात स्वच्छ नसणार. त्यांना परत धुण्याच्या खोलीत पाठवलंय. आता तुमच्या हातची नळी होईपर्यंत माझा शोधनिबंध अडकलाय."

सुगरणीच्या चेहऱ्यावर हसू आलं. खोटं कशाला बोला, आधी हसूच आलं. आपल्यावाचून अडतं, हे ऐकायला कुणाला आवडत नाही? ती तशीच, हातात बाळाचे फोटो घेऊन, खालच्या मजल्यावर गोगलगायींना विचारायला गेली.

ते नळासमोर उभे होते. त्यांनी तिला एकेक पायरी सांगितली, नेहमीसारखी, सावकाश. साखर, मग पित्त, मग लोह. "मग सीरम," ते म्हणाले.

"रिकाम्या नळीतपण?"

"सगळ्या नळ्यांत सारखं. तुम्हीच म्हणालात ना ताई, अशीच भरायची."

तिच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. वासराच्या रक्तातही पुड्या असतात. गाईच्या, माणसाच्या, सगळ्यांच्याच पेशी त्या सोडतात, हे त्या मुलीने तिला कधीतरी सांगितलं होतं. सीरम विकत आणताना त्या काढून टाकलेलं म्हणूनच आणायचे. बाटलीवर तसं छापलेलं असायचं. पण विकणाऱ्याने त्या खरंच सगळ्या काढल्यात का, हे कळायचं कसं? रिकाम्या नळीवरून. त्यासाठीच तर ती नळी, आणि तिलाच सुगरणीने इतकी वर्षं उपाशी ठेवलं होतं. जंतूंच्या नावावर मोजलेल्या पुड्यांतल्या कितीतरी वासराच्या होत्या. या माणसाने सांगितलं तसं केलं, म्हणून ते उघडं पडलं, आणि त्याचे हात घाण ठरले.

"बरं," ती म्हणाली आणि वर आली.

आता इथपर्यंत झालं ते चुकीत मोडतं. चूक कुणाचीही होते, आणि काटकसरीपायी झालेल्या चुकीला तर कुणी फार बोलतही नाही. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं, "तुमच्या हाताने एकदा रिकामी नळी करा, म्हणजे खात्री होईल." सुगरण टेबलाशी बसली. सीरमची बाटली समोर होती. तिने ती हातात घेतली, खाली ठेवली आणि मिठाच्या पाण्याची बाटली उचलली. कुणी बघत नव्हतं. त्या क्षणी तिला पक्कं ठाऊक होतं, आपण काय करतोय. नळी यंत्रातून फिरून आली, प्रकाशाखाली गेली आणि पडदा काळाभोर. मुलीने तिला मिठी मारली. बाई म्हणाल्या, "बघा, हाताचाच प्रश्न होता." सगळे टाळ्या वाजवतात की काय, असं तिला वाटलं. वाजवल्या असत्या, तर ती तिथेच कोसळली असती.

घरी नवरा घड्याळ उघडून बसला होता. जुनी घड्याळं दुरुस्त करणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा उद्योग. जेवताना तिने अर्धीच गोष्ट सांगितली, गोगलगायींच्या हाताची.

"म्हणजे त्या बिचाऱ्यामुळे तुझा भाव वधारला म्हण," तो हसत म्हणाला.

घास तिच्या तोंडात फिरायला लागला. नवऱ्याने विचारलं, "अगं, मीठ जास्त झालंय का?" ती म्हणाली, नाही. मग भांडी घासताना ती रडली, पाण्याचा नळ मोठा सोडून. आपल्याला लाज वाटतेय हे तिला कळत होतं. आणि लाज वाटत असूनही उद्या आपण बोलणार नाही, हेही कळत होतं. पहिल्याच दिवशी बोलली असती, तर चुकले म्हणाली असती. आता खोटं बोलले म्हणावं लागणार होतं.

असे काही दिवस गेले. इमारतीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. चहाच्या खोलीत कुणीतरी गोगलगायींच्या हातचा कप घेताना "आधी हात धुतलेत ना काका?" असं म्हणालं आणि सगळे हसले. या वेळी ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते आपला कप वेगळा ठेवायला लागले आणि टेबलाच्या टोकाशी बसायला लागले. हातात रबरी मोज्यांच्या दोन दोन जोड्या, चहा पितानासुद्धा.

सुगरण एकदा त्यांच्याकडे धुतलेल्या नळ्या न्यायला गेली. त्यांनी मोजे काढले होते आणि भांडी घासायच्या ब्रशने ते हात घासत होते. बोटांची सालं निघाली होती, पेरं लाल झाली होती.

"अहो, हे काय करताय?"

"जात नाहीये काहीतरी," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "डॉक्टरला दाखवलं. तो म्हणतो, काही नाही. पण यंत्र काय खोटं बोलेल? घरी नातीला उचलत नाही हल्ली. दीड वर्षाची आहे, येते पाय धरायला. सुनेला सांगितलं, घे बाई हिला. एवढ्या लहान जिवाला कशाला उगीच." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमचा नातू कसा आहे, ताई? फोटो आणले होते म्हणे. मी हात नाही लावणार, लांबून दाखवा."

फोटो तिच्या कोटाच्या खिशातच होते. तिने ते काढले नाहीत. कसे काढणार? ती नळ्यांचा ट्रे तिथेच ठेवून तडक जिना चढली आणि बाईंच्या खोलीत गेली. मध्ये कुठे थांबली असती, तर परत फिरली असती. स्वतःला ती चांगली ओळखत होती.

बाई आणि ती मुलगी शोधनिबंधाच्या आकृत्या बघत होत्या. सुगरणीने उभ्याउभ्याच सांगितलं. रिकाम्या नळीत मी सीरम घालत नाही. कधीच घातलं नाही. काकांनी घातलं. त्यांचे हात स्वच्छ आहेत. ते ठिपके वासराचे आहेत.

मुलीला आधी कळलं. तिने समोरच्या आकृत्या एकेक करून पालथ्या घातल्या.

बाईंनी सावकाश विचारलं, "आणि त्या दिवशीची नळी? मी सांगितल्यावर केलेली?"

"तीपण तशीच. ती मात्र जाणूनबुजून."

बाई तिला ओरडल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "मी तरी कधी कुठे विचारलं, त्या नळीत काय घालता म्हणून? पडदा काळा येत होता. मला तेवढंच हवं होतं." मुलगी मात्र उठून बाहेर गेली, आणि जाताना तिने सुगरणीकडे बघितलंसुद्धा नाही. तिची काही वर्षं त्या आकृत्यांत होती. ताई म्हणून हाक मारणारी ती पोर त्यानंतर कितीतरी दिवस तिला नुसतं "अहो" म्हणत होती, आणि त्यात तिचं काहीच चुकत नव्हतं.

सुगरण तशीच खाली गेली. गोगलगाय नळ्या वाळत घालत होते. तिने त्यांनाही सीरमची चूक सांगितली, अगदी लहान मुलाला सांगावं तशी.

त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही ताई," ते म्हणाले. "माझं मन राखायला म्हणताय तुम्ही. तुमच्या हातून असं कसं होईल? तुम्ही सुगरण. माझ्याच हाताचं असणार काहीतरी."

तिने नाव मिळवलं होतं ते असं पक्कं, की आता ते पुसायलाही तिलाच राबावं लागणार होतं.

"चला वर," ती म्हणाली.

तिने त्यांना आपल्या टेबलाशी खुर्ची दिली. "तुम्ही कशालाही हात लावायचा नाही, फक्त बघायचं." आणि तिने रिकामी नळी भरली. साखर, पित्त, लोह, आणि मग तिने सीरमची बाटली उचलली आणि त्यांना दिसेल अशी धरून पूर्ण माप घातलं. इतकी वर्षं वाचवलेलं ते पिवळं पाणी काचेवरून खाली उतरताना तिने शेवटच्या थेंबापर्यंत बघितलं. तिची आई असती, तर म्हणाली असती, कुणासाठी गं हे? शेजारी तिने दुसरी नळी भरली, आपल्या जुन्या रीतीने, मिठाच्या पाण्याची. दोन्ही नळ्यांना हात एकट्या तिचाच लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं फिरवून झाल्यावर, दोघं मोजणीच्या यंत्रासमोर बसली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आधी मिठाच्या पाण्याची नळी लावली. काळाभोर पडदा. मग सीरमची. पडद्यावर ठिपके नाचायला लागले, पिठाच्या गिरणीत उन्हाच्या तिरिपेत पीठ उडावं तसे. त्या नळीत जंतू एकही नव्हता, आणि गोगलगायींनी तिला बोटही लावलं नव्हतं.

ते खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले.

"म्हणजे हे वासराचं," ते म्हणाले.

"वासराचं."

"माझं नाही."

"नाही. तुमचं कधीच नव्हतं."

त्यांनी वरचे मोजे काढले, मग आतले. सोललेले हात मांडीवर उलटे सुलटे करून पाहिले. ते रागावले नाहीत, खूशही दिसले नाहीत. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारा तो माणूस, त्याने या वेळी एकदाच विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं, ताई?"

काल कळलं, असं म्हणता आलं असतं. बाई ऐकत होत्या, पण त्यांनीही ते खोडलं नसतं. तिच्या जिभेवर ते आलंही होतं. मांडीवरचे ते हात समोर होते.

"मी आले त्याच दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तेव्हाच."

त्यांनी मान डोलावली. मग ते उठले आणि सावकाश, आपल्या नेहमीच्या चालीने, दाराकडे निघाले. बाईंनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. दारात थांबून त्यांनी घड्याळ बघितलं आणि बाईंना म्हणाले, "आज थोडं लवकर निघू का? नात झोपायच्या आत घरी पोचायचंय."